बेवड्याची लाट

हॅलोवेल गावात टॉलिव्हर मोटारींचा कारखाना चालू होता, तोवर तिथे त्या मोटारीचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करत. ज्यांनी ती आपल्या हातांनी जोडली ते स्वतःसाठी दुसऱ्या कंपनीची गाडी घेत. पुढे कारखाना बंद पडला, त्या जागी आधी गवत आलं, मग गाद्यांचं दुकान आलं, आणि मग टॉलिव्हरला एकाएकी चांगले दिवस आले. इंडियानातल्या या आडगावी दर जूनमध्ये शाळेच्या मैदानावर जुन्या टॉलिव्हरांचा मेळा भरू लागला. चारचार राज्यं ओलांडून आलेली पोक्त, पोट सुटलेली माणसं गवतावर उताणी होऊन गाड्यांच्या पोटाखाली शिरत, आणि आत रंगाचा एखादा ओघळ दिसला की आनंदाने एकमेकांना हाका मारत.

या ओघळांवर ऑरिन गेफर्टचं पोट होतं.

जुन्या टॉलिव्हरी नव्याने उभ्या करणं हा ऑरिनचा धंदा. चर्चच्या मागे बर्फाची जुनी वखार होती, तीच त्याची शेड. सुरुवातीच्या काळात लोकांना गाडी आरशासारखी लागे. ऑरिन रंगाचे थरावर थर चढवी, ओल्या पॉलिशकागदाने घासून पुन्हा चढवी, आणि शेवटी गाडी अशी निघे की बायका तिच्या दारात बघून टोपी नीट करत. परीक्षक डोळे मिटून गुण देत. मग मेळ्यात कुणीतरी एक अवघड प्रश्न विचारला: अशी टॉलिव्हर कारखान्यातून कधी बाहेर पडली होती का? कधीच नव्हती. आरशासारख्या गाड्यांना त्या वर्षापासून गुण कमी मिळू लागले. मेळा भरवणाऱ्या क्लबने एक जाडजूड नियमांचं पुस्तक काढलं. त्याचं सार असं, की गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना होती तशीच हवी. सांध्यावरचा लेप कामगाराने बोटाने फासलेला, तर तो बोटानेच फासायचा. रंगाचा फवारा रबरावर उडालेला, तर तो उडवायचा. कारखान्याची चूक करायची राहिली तर गुण जात, आणि नको तिथे झाली तरी जात. इतक्या काटेकोरपणे काम कारखान्यात कुणी केलं असतं, तर कारखाना बंद पडला नसता.

ऑरिनने हेही शिकून घेतलं. सरळ चालणारा हात वाकडा चालवणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. बाकी सगळ्या चुका त्याला जमल्या. जमली नाही ती एकच, बेवड्याची लाट.

इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो, त्याच्या वरच्या काठाने टॉलिव्हरमध्ये एक काळा पट्टा हाताने, ब्रशने ओढलेला असे. एका विशिष्ट काळातल्या गाड्यांवर त्या पट्ट्याची खालची कड सरळ नसायची. बारीक, उंचसखल, थरथरत गेलेली रेघ. क्लबच्या पुस्तकात तिला ‘बेवड्याची लाट’ असंच नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं की या जागी काम करणारा कामगार पिऊन येत असे, असं जुने लोक सांगतात. मेळ्याच्या जेवणात दर वर्षी कुणीतरी ही गोष्ट सांगे, आणि दर वर्षी ती थोडी वाढे. कधी तो रंगाच्या डब्यात बाटली लपवी, कधी चुकून रंगच प्यायला. लोक टेबलं बडवून हसत. ऑरिनही हसे, पण जरा उशिरा.

तो कामगार त्याचा बाप होता.

ऑगस्ट गेफर्ट फारसा बोलणारा माणूस नव्हता. आधी तो फवाऱ्यावर होता. तिथून त्याला पट्ट्यावर आणलं, कारण पट्टा बॉनेटखाली झाकला जाई. ऑरिनची आई विल्मा त्याच कारखान्यात गाड्यांच्या सीटांच्या शिलाईवर होती. रोज दुपारी डबे उघडले की शिलाईवरच्या बायका सुरू होत.

“विल्मा, तुझ्या नवऱ्याने आज पण समुद्र काढलाय बघ!”

“समुद्र कसला गं, तळ्यात बुडून आलाय तो!”

विल्मा पाव चावत राही. ऑगस्टच्या तोंडाला सकाळी सकाळी वास येई, हे तिला ठाऊक होतं. फोरमनलाही ठाऊक होतं. एका फेब्रुवारीत फोरमनने त्याला काढलं, आणि त्याच आठवड्यात विल्माने त्याची बॅग भरून बाहेर पायरीवर ठेवली. बर्फ पडत होता. बॅगेवर पांढरा थर साचेपर्यंत ऑगस्ट तिच्याशेजारी उभा राहिला, मग बसथांब्याकडे चालू लागला. टोलेडोला एका खानावळीत तो भांडी विसळायला लागला, पण हातातून बशा सुटत, म्हणून तिथूनही गेला. पुढे काही वर्षांनी सरकारी इस्पितळातून ऑगस्ट वारल्याचा निरोप आला, तेव्हा विल्मा म्हणाली, “शनिवारी मला कारखान्यात जादा पाळी आहे.” ऑरिन त्या शनिवारी बेसबॉल खेळला. चांगला खेळला.

तेव्हापासून सरळ रेघ हा ऑरिनचा धर्म झाला. चिकटपट्टी न लावता तो दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्रशने रेघ ओढी, आणि माणसं फूटपट्टी लावून बघत. दारूच्या थेंबाला तो शिवला नाही. शुक्रवारी सगळा गाव तळलेले मासे आणि बिअर घेऊन बसे, तिथे ऑरिनपुढे पोरं पितात तसलं गोड सरबत असे. आणि लाटेचा बाप कोण, हे त्याने क्लबात कुणाला कधी सांगितलं नाही.

मुख्य परीक्षक रसेल टिबेट्स. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, स्वभावाने भला माणूस. तो भिंग लावून ऑरिनने काढलेली लाट बघे आणि मान हलवी.

“छान आहे, ऑरिन. पण शुद्धीवर असलेल्या माणसाने काढलीय.”

एक गुण जाई.

ऑरिनची साठी उलटली आणि मग लायल हॅमशरची गाडी आली. हॅमशर हा गावातला अंत्यविधीवाला. मेलेल्यांना पावडर लावून, केस विंचरून पेटीत निजवण्यात त्याचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं.

“आयुष्यभर मी मेलेल्या माणसाला डुलकी लागल्यासारखा दाखवत आलो, ऑरिन,” तो गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाला. “एक तरी वस्तू मला होती तशी बघायचीय.”

“मग गंज ठेवू?”

“गंज कशाला? गंज मागाहून आलाय. कारखान्यातली घाण तेवढी ठेव.”

त्या हिवाळ्यात ऑरिनचा उजवा हात थरथरू लागला. हात मांडीवर असला की शांत असे, ब्रश उचलला की सुरू होई. थंडीमुळे असेल म्हणून त्याने शेगडी जवळ ओढली. कॉफीमुळे असेल म्हणून कॉफी सोडली. बाहेरच्या रंगाचं काम त्याने कसंबसं फवाऱ्यावर निभावून नेलं, आणि काळा पट्टा शेवटी ठेवला. लाट कशी काढायची याचा नेहमीसारखा बेत त्याने मनात केला होता. बेताची वेळच आली नाही. ब्रश पत्र्याला टेकला आणि हात आपल्या मनाने चालत गेला.

ऑरिन मागे सरकून बघत राहिला. शेडच्या कोपऱ्यात सुट्या भागांसाठी आणलेली, त्याच लाटेच्या काळातली एक मोडकी टॉलिव्हर पडून होती. कारखान्यातून निघाल्यापासून तिच्या बॉनेटखाली कुणी रंग लावलेला नव्हता. त्याने दिवा ओढून तिकडे नेला, पुन्हा इकडे आणला, पुन्हा तिकडे नेला. दोन्ही रेघा एकाच हाताच्या होत्या. डावीकडे बारीक थरथर, मध्ये जरा दम घेतल्यासारखं, मग उजवीकडे मोठे हेलकावे. फरक इतकाच होता की एकीवरचा रंग ओला होता.

दुसऱ्या आठवड्यात तो फोर्ट वेनला डॉक्टरकडे गेला. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने त्याला कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं चक्र काढायला लावलं आणि ते बघून म्हणाली की हा कंप आहे, जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही.

“घरात आणखी कुणाला आहे का? बहुतेक वेळा हा बापाकडून नाहीतर आईकडून येतो.”

“नाही,” ऑरिन म्हणाला. मग म्हणाला, “वडिलांचा हात हलायचा. पण ते प्यायचे.”

“कधी प्यायचे?”

“कधी म्हणजे? सकाळी. कामावर जायच्या आधी.”

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. “दोन घोट घेतले की हा कंप तासभर थांबतो. हे औषध पुष्कळांना आपलं आपण सापडतं. मग घोट पुरत नाहीत. पितो म्हणून थरथरतो की थरथरतो म्हणून पितो, हे लोकांना बाहेरून सारखंच दिसतं.”

ऑरिनने टोपी घातली, आभार मानले आणि गाडीत जाऊन बसला. किल्ली भोकात जाईना. गेली तेव्हाही तो तसाच बसून राहिला.

जूनच्या मेळ्यात हॅमशरच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि टिबेट्स भिंग घेऊन वाकला. बराच वेळ तो सरळ झालाच नाही. मग त्याने बाकीच्या परीक्षकांना हाक मारली, आणि ते सगळे आपली ढुंगणं उन्हाला दाखवत ओळीने वाकले.

“ही खरी!” टिबेट्स ओरडला. “ऑरिन, लेका, काय घेतलं होतंस रे? आम्हाला पण सांग!”

“इतकी वर्षं सरबत पिऊन फुकट घालवलीस की रे,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

हॅमशरला पहिलं बक्षीस मिळालं. लोक हसत होते, ऑरिनच्या पाठीवर थापा पडत होत्या, आणि या वेळी त्याला उशिरासुद्धा हसता येईना. लिंबूसरबताच्या तंबूमागे त्याने टिबेट्सला गाठलं आणि हात पुढे धरून दाखवला. हात हलत होता.

“मी काहीच काढलं नाही, रसेल. हे असं आहे. आणि ती लाट काढणारा माझा बाप होता. ऑगस्ट गेफर्ट. बेवडा नव्हता तो. आजारी होता. पुस्तकातून तेवढं काढून टाक.”

टिबेट्सचा चेहरा पडला, पण डोळे चमकले. लाट काढणाऱ्याचं नाव सापडणं ही क्लबासाठी मोठी गोष्ट होती.

“तुझा बाप! आणि इतकी वर्षं तू...” त्याने घसा साफ केला. “वाईट वाटलं रे. काढू ना. पण तुला नियम माहीत आहे. पुस्तकातलं काही बदलायचं तर दोन माणसांची साक्ष लागते. तू एक झालास. तेव्हाचं आणखी कोण आहे?”

तेव्हाचे फोरमन, शिलाईवरच्या बायका, सगळे हॅमशरच्या हाताखालून जाऊन चुकले होते.

“आई आहे,” ऑरिन म्हणाला.

विल्मा ल्यूथरन वृद्धाश्रमात होती. पंच्याऐंशीची, डोळ्यांनी जवळजवळ अधू, पण कान आणि जीभ शाबूत. ऑरिन आला की ती आधी त्याचा हात हातात घेई, म्हणून गेले काही महिने तो काहीतरी दोन्ही हातांत धरूनच आत शिरे. त्या दिवशी मात्र तो जाकिटाच्या खिशांत हात खुपसून गेला. जुलै होता.

“ताप आहे का तुला?” विल्मा म्हणाली. “जाकीट घालून आलायस. सरसर वाजतंय.”

“नाही. आत थंड करून ठेवलंय ना इथे.”

“थंड कसलं. बिल वाढवायला यंत्र लावून ठेवलंय, गार करायला नाही. बस.”

तो बसला. पीचच्या फोडी कशा मिळमिळीत झाल्यात, शेजारच्या खोलीतली म्हातारी पत्त्यांत कशी चोरी करते, हे सगळं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आई, बाबांचं विचारायचं होतं.”

“काय आता त्याचं?”

“बाबांना आजार होता असं वाटतं. हात हलायचा आजार. त्याच्यावर उतारा म्हणून ते घ्यायचे.”

“कोण म्हणतं?”

“एक डॉक्टर.”

“त्या डॉक्टरने कधी बघितलं ऑगस्टला?”

खिशातल्या खिशात ऑरिनचा हात वर येऊ लागला. आता तो बाहेर काढून तिच्या हातात द्यायचा, एवढंच करायचं होतं. बाकी सगळं तिला बोटांनीच कळलं असतं.

विल्माची बोटं मांडीवरच्या शालीच्या दशा पिळत होती.

“तो दारात उभा राहून सांगायचा,” ती म्हणाली. “विल्मा, आधी हात हलतो, मग मी घेतो. रोज सांगायचा. आधी हात, मग बाटली. मी म्हटलं, बेवडे असंच म्हणतात. माझ्या आईनेही सांगितलं, बेवडे असंच म्हणतात.” तिने तोंड ऑरिनच्या दिशेने वळवलं, पण जरा चुकून, त्याच्या खांद्याकडे. “ते खरं होतं म्हणतोस? मग त्या थंडीत मी काय केलं, ऑरिन? माझ्या हाताने बॅग भरली मी. मोजे पण घातले होते त्यात. सांग ना, मग मी कुणाला बाहेर काढलं?”

ऑरिनने हात खिशातच ठेवला.

“नाही, आई,” तो म्हणाला. “डॉक्टर नुसतं बोलता बोलता बोलली. बाबा प्यायचे. मला आठवतंय ना. वास यायचा.”

“यायचा ना?”

“यायचा.”

“मग असं काहीतरी येऊन बोलू नकोस,” विल्मा म्हणाली. पाणी दे म्हणाली, आणि तिने ते स्वतःच चाचपून घेतलं.

त्याने टिबेट्सला फोन केला आणि सांगितलं की आईची साक्ष मिळणार नाही. आपलीही साक्ष धरू नकोस, बाप पीतच होता, मेळ्यात मन जरा हळवं झालं होतं. टिबेट्स म्हणाला, होतं असं. समजुतीने बोलला. आवाजात सुटका झाल्यासारखं वाटत होतं, कारण बेवडा गेला असता तर जेवणातली गोष्टही गेली असती. ऑरिनने फोन ठेवला. ऑगस्टचं नाव त्या माणसाकडे राहून गेलंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

त्या वर्षी त्याने बाहेरच्या रंगाची कामं घेणं बंद केलं. लोक येत ते फक्त पट्ट्यासाठी. ओहायोतून, इलिनॉयमधून गाड्या ट्रेलरवर घालून आणत. ऑरिन ब्रश टेकवी आणि हात नेईल तिकडे तो जाऊ देई. काम पाच मिनिटांत होई. लोक खूश होऊन जात.

वसंतात क्लबच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिची एक प्रत हॅमशरने मोठ्या प्रेमाने वृद्धाश्रमात नेऊन दिली. तिथे त्याचं धंद्याच्या निमित्ताने येणंजाणं होतंच. ऑरिन भेटायला गेला तेव्हा पुस्तक विल्माच्या मांडीवर होतं, आणि तिचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत दिसत होता.

“लायल म्हणाला आमचं नाव छापून आलंय. खूण घातलीय त्याने. वाच.”

खुणेचं पान त्याने उघडलं. बेवड्याची लाट, असं वर ठळक होतं. खाली लिहिलं होतं: ‘ही रेघ ओढणारा कामगार ऑगस्ट गेफर्ट, राहणार हॅलोवेल. कामावर पिऊन येत असल्याने त्याला कारखान्यातून काढण्यात आलं. माहिती त्याच्या मुलाच्या सौजन्याने.’

“वाच ना.”

ऑरिनने वाचलं. शेवटची ओळ गाळली.

“बघ,” विल्मा म्हणाली. “पुस्तकात आलंय. शिकलेली माणसं असतात ती, तपास केल्याशिवाय छापायची नाहीत. मागे तू उगाच काहीबाही घेऊन आला होतास, मला कितीतरी रात्री झोप नव्हती.” तिने समाधानाने श्वास सोडला. “परत एकदा वाच. सावकाश.”

तो परत वाचू लागला. मधेच तिने मान तिरकी केली.

“पान का वाजतंय?”

“खिडकी उघडी आहे.”

“खिडकी बंद आहे. मीच बंद करायला लावली.”

तिने हात पुढे करून हवेत चाचपला आणि त्याचं मनगट धरलं. पुस्तक मांडीवर पडलं. तिच्या बोटांत तो हात तसाच हलत राहिला. विल्मा बराच वेळ तो धरून बसली. चेहऱ्यावरचा निवांतपणा हळूहळू उतरत गेला, आणि तिथे जे आलं ते ऑरिनने लहानपणी, बाप तिच्यापुढे उभा असताना, स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं.

“कधीपासून पितोस?” तिने विचारलं.

ऑरिनला उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही.

“झालं एक वर्ष,” तो म्हणाला.

तिने त्याचा हात सोडला, बोटं शालीला पुसली आणि घंटीची दोरी ओढली. आश्रमात कामाला असलेली पोरगी आली तेव्हा विल्मा म्हणाली, “याला दारापर्यंत सोड. आणि पुढच्या वेळी आला तर आधी मला विचार.”